एक्सचेंज ऑफरमध्ये जुना मिक्सर, कुकर, पंखा द्यायचा की दुरुस्त करायचा? (नाशिक)

इंदिरानगर_बिऱ्हाड:

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आली आणि "जुनं द्या, नवं घ्या"च्या पाट्या सगळीकडे लागल्या आहेत. घरात चार वस्तूंवरून चर्चा चालू आहे. पूर्ण बंद पडलेली एकही नाही, पण प्रत्येकीचं काहीतरी दुखतंय.

१) मिक्सर, ७५० वॅट, नऊ वर्षं जुना. चटणीचं भांडं लावलं की घुं असा आवाज येतो, पातं फिरत नाही आणि जळका वास येतो. मोठं भांडं लावलं तर चालतो, पण त्याच्या बुडातून काळं पाणी झिरपतं.

२) अॅल्युमिनियमचा पाच लिटर कुकर. वाफ कडेने जाते, शिट्टी फार उशिरा होते.

३) छताचे दोन पंखे. एक काठीने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. दुसरा व्यवस्थित आहे, पण "तोही देऊन कमी विजेचे घेऊन टाका" असा आग्रह होतोय.

४) पितळेची दोन पातेली, आतून कल्हई गेलेली. मोडीत घालून नॉनस्टिक घ्यावीत असा सल्ला मिळालाय.

फुकट टिकवायचं म्हणून टिकवायचं नाहीये, आणि चालणारी वस्तू फेकायचीही नाहीये. कुठल्या वस्तूत नक्की काय बिघडलंय ते घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि दुरुस्ती कुठे थांबवायची, हे जाणकारांनी सांगावं.

---

सातपूर_वाइंडिंग:

मिक्सरपुरतं लिहितो. तुमची लक्षणं वाचून मोटर शाबूत वाटते, दुखणं भांड्यांत आहे. ऑफरवाल्या दुकानात बरेच मिक्सर असेच येतात, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

आधी प्लग काढा. चटणीचं भांडं उपडं करून खालचं कप्लर (दात असलेली चकती) बोटाने फिरवा. ते अलगद फिरलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर शाफ्ट (पात्याचा दांडा) बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत) धरलाय. चटणीतलं मीठ आणि ओलावा वॉशरखालून आत उतरतो आणि गंज धरतो, म्हणून बहुतेक वेळा छोटंच भांडं आधी अडकतं. मोटर फिरायला बघते, शाफ्ट हलत नाही, करंट वाढतो आणि वाइंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) तापून वास येतो. हे असंच चालवत राहिलात तर मात्र मोटर खरंच जाईल, तेव्हा ते भांडं आजपासून बाजूला ठेवा.

उपाय: भांड्यात कडकडीत नव्हे, पण चांगलं गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा. मग उपडं करून शाफ्टच्या कडेला खाण्याच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि कप्लर मागेपुढे फिरवत राहा. मशीनचं तेल वापरू नका, ते अन्नात उतरतं. मोकळं झालं तर धुऊन, पाणी घालून एक मिनिट चालवून बघा. नाही झालं तर बुश, शाफ्ट आणि पातं बदलून घ्या.

मोठ्या भांड्यातलं काळं पाणी म्हणजे झिजलेल्या बुशची धातूची भुकटी आणि जुनं वंगण. ते वाटणात जातं, त्यामुळे "थोडंसंच येतंय" म्हणून सोडू नका. पातं चिमटीत धरून आडवं हलवा. खडखड जाणवली की बुश संपलं. फक्त रबरी वॉशर बदलून पाणी दोन आठवडे थांबतं, कारण डुलणारा शाफ्ट नवा वॉशरही खातो. बुश, शाफ्ट आणि वॉशर एकाच वेळी बदलायचे. काम झालं की दुकानातच भांडं अर्धं पाण्याने भरून दहा मिनिटं कागदावर ठेवायला सांगा, मग मिनिटभर चालवायला सांगा. कागद कोरडा राहिला तरच पैसे द्या.

आता कप्लर. मोटरवरचे दात गोल झाले असतील तर भांडं टर्रटर्र वाजतं आणि पातं थांबून थांबून फिरतं. मोटरवरचं आणि भांड्याखालचं अशी दोन्ही कप्लर जोडीने बदला, झिजलेलं नव्याला खातं. घरी काढताना उलटा आटा लक्षात न घेतल्याने शाफ्ट वाकवणारे बरेच आहेत. नियम सोपा आहे: मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कप्लर फिरवलं की सुटतं. चालताना ते आपोआप आवळलं जावं म्हणून आटा तसा ठेवलेला असतो. शाफ्ट धरायला खालचं झाकण काढा. बऱ्याच मोटरींत शाफ्टच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असते.

झाकण काढलंच आहे तर कार्बन ब्रश बघा. ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर दोन्ही बदला, जुना सोबत नेऊन मापाचाच घ्या. थोडी निळी ठिणगी दिसणं चालतं. कॉम्युटेटरभोवती (कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या भागाभोवती) आगीचं कडं दिसलं तर चालवू नका. आत साचलेलं पीठ मऊ ब्रशने झाडून काढा.

खर्च: कप्लर किंवा कार्बनची जोडी साधारण शंभराच्या आत, भांड्याचं बुश-शाफ्ट-पातं मजुरीसकट दोनशे ते साडेतीनशे. दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होईल. कुणी "आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) गेलं" म्हणालं तर उघडून दाखवायला सांगा. जळालेली वाइंडिंग काळी पडते, व्हार्निश सुटतं, लपत नाही. आर्मेचर आणि फील्ड (मोटरच्या स्थिर भागाची वाइंडिंग) दोन्ही जळाली असतील आणि भांडीही थकलेली असतील, तर माझ्या मते तिथे थांबावं.

---

दहीपूल_गृहिणी:

वरच्या माहितीत दोन गोष्टींची भर घालते.

मिक्सर हवा बुडाकडून खेळवतो. आवाज कमी व्हावा म्हणून खाली टॉवेल किंवा जाड रुमाल घालतात, त्याने हवेची वाट बुजते आणि मोटर तापते. रबरी पाय झिजून मिक्सर ओट्याला टेकला तरी तेच होतं. पाय सुटे मिळतात, लगेच लावून घ्या. मधेच मिक्सर बंद पडला तर तळाशी लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. बटण ऑफ करा, भांडं मोकळं करा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि मग दाबा. मोटरच्या पट्टीवर बहुतेक वेळा "५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद" असं लिहिलेलं असतं. इडलीचं सहा वाट्यांचं पीठ एका दमात काढताना तेच मोडलं जातं.

दुसरं, पात्याला धार यावी म्हणून खडे मीठ फिरवायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पात्यावरचा चिकटा निघतो, धार येत नाही, आणि मीठ बुशमध्ये उतरून वर लिहिलेलाच गंज आणतं. धार हवी असेल तर पातं लावून घ्या किंवा बदला.

आता कुकर. कडेने वाफ म्हणजे बहुतेक वेळा रिंग. रिंग बोटांनी वाकवून बघा. भेगा दिसल्या, कडक लागली किंवा ताणून सैल झाली असेल तर नवी घ्यायची. रोजच्या वापरात वर्षभर टिकली की तिचं काम झालं. घेताना कंपनी आणि लिटर दोन्ही जुळले पाहिजेत, "बसून जाईल" म्हणत दिलेली रिंग घेऊ नका. नवी रिंग लावूनही वाफ गेली तर झाकणाची कड ओट्यावर उपडी ठेवून बघा. कुठे उचललेली दिसली तर झाकण पडून वाकलंय. रिंग टिकवायची असेल तर धुऊन, पुसून, झाकणाबाहेर काढून ठेवा. झाकण लावून कुकर ठेवला की रिंग दबलेलीच राहते.

शिट्टी उशिरा होण्याचं दुसरं कारण वाफेची नळी. शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस आत वाळून बसतो. बारीक तारेने साफ करा आणि वरून पाणी ओता. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. डाळ, तांदूळ, फेसाळणारं काहीही असेल तर अर्धाच.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत काटकसर करू नका. पाणी आटलं की त्यातला मऊ धातू वितळून वाफ सोडतो, त्यासाठीच तो असतो. एकदा उडाला की त्याच कंपनीचा, त्याच मापाचा बसवा. राळ, एम-सील, दुसऱ्या कुकरचा व्हॉल्व्ह, यातलं काहीही चालणार नाही. आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब आणि १२० अंशांच्या आसपास तापमान असतं.

---

इंदिरानगर_बिऱ्हाड:

मिक्सरचं अगदी तसंच निघालं, चटणीच्या भांड्याचं कप्लर बोटाने हलतही नाही. कुकरबद्दल एक सांगायचं राहिलं: बूड किंचित फुगलंय, ओट्यावर ठेवला की डुलतो. रिंग बदलून चालेल ना?

---

दहीपूल_गृहिणी:

नाही. मग वर कुकरबद्दल लिहिलेलं सगळं या कुकरला लागू नाही.

फुगलेलं बूड म्हणजे कुकर एकदा कोरडा तापलाय आणि मऊ झालेल्या धातूला दाबाने बाहेर ढकललंय. तिथला पत्रा ताणून पातळ झालेला असतो. ठोकून सपाट केला तरी जाडी परत येत नाही. त्यात रिंगचे पैसेही घालू नका. झाकणासकट भंगारात द्या आणि देताना नळी, शिट्टी, व्हॉल्व्ह काढून घ्या, म्हणजे तो कुणाच्या घरी परत चुलीवर चढणार नाही. नवा घेताना आयएसआयची खूण बघा. आणि रोजच्या माणसांना पुरेल तेवढाच घ्या, पाहुण्यांच्या हिशेबाने आठ लिटरचा घेऊन रोज वाटीभर डाळीसाठी तो तापवण्यात गॅस जातो. कुकर तळाला सपाट बसला की शेगडीवरचा गॅसही नीट लागतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. पाणी १२० अंशांवर गेलेलं असतं, मोठी आच फक्त शिट्ट्या वाजवते.

---

सिडको_वायरमन:

पंख्याचं बघू. ढकलल्यावर सुरू होतो आणि मग नीट फिरतो, म्हणजे कपॅसिटर (पंख्याला सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग) गेलाय. बंद असताना काठीने पातं फिरवा. सैल फिरलं तर कपॅसिटर, जड फिरलं किंवा खरखरलं तर बेअरिंग.

कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट असं छापलेलं असतं, काही पंख्यांत २.२५ किंवा ३.१५ही. जुन्यावर जो आकडा असेल तोच घ्यायचा. "मोठा टाका, जोरात फिरेल" हे ऐकू नका. मोठा घातला की सहायक वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, पंखा तापतो आणि दीड-दोन उन्हाळ्यांत वाइंडिंगच जाते. शंभराच्या आत मिळतो.

बदलताना भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, ते बंद केलं तरी पंख्यात फेज (जिवंत वीज) असतो. खालून एमसीबी (मेन बोर्डवरचा स्विच) पाडा आणि टेस्टर लावून बघा. रॉडच्या खालची वाटी सरकवली की कपॅसिटर दिसतो. काढण्याआधी जोडणीचा फोटो घ्या. कपॅसिटरच्या दोन तारा आपसात उलट झाल्या तर काही बिघडत नाही, पण दुसऱ्या टर्मिनलला गेल्या तर पंखा उलटा फिरेल किंवा तापेल. हात वर गेलाच आहे तर हुकाजवळचं रबर आणि बोल्टची स्प्लिट पिन बघून घ्या. पंखा पडतो तो बहुतेक वेळा या दोन वस्तूंमुळे. स्टूल डुलत असेल किंवा विजेचं काम जमत नसेल तर वायरमनला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

बेअरिंग निघालं तर बहुतेक पंख्यांत ६२०१ किंवा ६२०२ नंबरचं असतं. पंखा उतरवून नेला तर अंबड-सातपूरला बेअरिंगवाले आणि वाइंडिंगवाले भरपूर आहेत. पाती काढताना कुठलं पातं कुठे होतं त्याच्या खुणा करा, नाहीतर नंतर पंखा डुलतो.

आता दुसऱ्या, चांगल्या पंख्याचा प्रश्न. इथे मी सरसकट "जुनंच ठेवा" म्हणणार नाही, हिशेब करा. साधा पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट धरू. नाशिकला थंडीचे दोन महिने पंखा बंदच असतो, म्हणून वर्षाचे ३०० दिवस.

हॉलमधला पंखा रोज १२ तास: ४५ × १२ × ३०० म्हणजे १६२ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला १३०० च्या घरात. अडीच-तीन हजारांचा पंखा दोन-अडीच वर्षांत फिटतो, बदलणं योग्य.

पाहुण्यांच्या खोलीतला, रोज सरासरी एक तास: साडेतेरा युनिट, वर्षाला १०८ रुपये. तो फिटायला पंचवीस-तीस वर्षं लागतील. तो तिथेच राहू द्या.

जाहिरातीत कायम पहिला हिशेब दाखवतात. आणि तोही पूर्ण जोरावर फिरणाऱ्या पंख्याचा असतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर दोन-तीन नंबरला चालणारा साधा पंखा मुळातच कमी वीज घेतो, तेव्हा बचत आणखी घटते. उलट भिंतीवर अजून जुना, जड डब्याचा रेग्युलेटर असेल तर तो आधी बदला. कमी वेगात तो उरलेली वीज स्वतः तापून उडवतो.

बीएलडीसी घेतलाच तर जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका, तो काढून थेट जोडणी करा. त्याचं दुखणं म्हणजे आतला सर्किट बोर्ड. घेण्याआधी तो बोर्ड सुटा मिळतो का, आणि किती वर्षांची हमी आहे, हे विचारा.

---

भांडीबाजार_पितळ:

पितळेची पातेली मोडीत घालू नका, हे अगदी कळकळीने सांगतो.

दुकानात जुनी पितळ वजनावर घेतात, त्यात घट धरतात, आणि बदल्यात जे नॉनस्टिक मिळतं त्याचा थर गेला की भांडं गेलं. तो थर पुन्हा लावून देणारा गल्लीत कुणी नाही. पातेल्याची कल्हई मात्र कितीही वेळा होते.

कल्हई का लागते: चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो असं आंबट काही उघड्या पितळेला लागलं की तांबं त्यात उतरतं. पदार्थ कळकतो, हिरवट कडसर चव येते, पोट बिघडतं. म्हणून कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी करू नका, रात्रभर तर काहीच ठेवू नका. नुसत्या पाण्याच्या तांब्याच्या हंड्याला किंवा आंघोळीच्या बंबाला ती लागत नाही.

काम असं चालतं. भांडं आतून घासून, जुना मळ आणि काळपटपणा काढून चकचकीत करतात. भट्टीवर तापवतात. नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा उरलेला मळ सुटतो. लगेच कथलाची कांडी आतून टेकवायची, ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील सगळीकडे पसरवायचं. मग पाण्यात बुडवायचं. तापवणं कमी पडलं तर कथिलाचे गोळे बसतात, नवसागर कमी पडला तर मधेमधे पिवळे डाग सुटतात. घेताना भांडं उन्हात धरून आतून पूर्ण बघा, खास करून काठाखाली आणि बुडाच्या कोपऱ्यात.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे कथील शुद्ध आहे का. स्वस्त पडतं म्हणून शिसं मिसळलेलं डाग देण्याचं कथील वापरलं जाऊ शकतं, आणि शिसं पोटात जाणं फार वाईट. कांडी हातात मागून घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की करकर असा आवाज येतो, शिसं जास्त असेल तर ती मुकाट वाकते. शिसाळ कांडी पांढऱ्या कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. कल्हईवर कोरडं पांढरं फडकं जोराने घासून बघितलं तरी अंदाज येतो.

भांडी बाजारात आणि तांबट लेनकडे विचारलं तर कल्हईवाल्याचा पत्ता मिळतो. दिवाळीच्या आठवड्यात घाई असते, घाईत तापवणं कमी पडतं. सणानंतर द्या.

वापरताना एक आकडा लक्षात ठेवा: कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर राहिलं की कल्हई ओघळून बुडाशी जमते. म्हणून फोडणी लोखंडी पळीत करून वरून घाला, पातेलं चुलीवर चढवायच्या आधी त्यात पाणी किंवा पदार्थ हवा. आतून तारेची घासणी नको, राख किंवा मऊ काथ्या पुरे. बाहेरून चिंच-मीठ चालतं. बुडाशी पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. रोज वापर असेल तर वर्षातून एकदा धरून चाला.

---

नाशिकरोड_हिशेबनीस:

ऑफरच्या पाटीबद्दल थोडंसं. "जुन्या मिक्सरचे ८०० रुपये" दिसले की दुकानात आधी एकच विचारा: जुना न देता हाच मिक्सर कितीला? बहुतेक वेळा तीन-चारशे तिथेच कमी होतात. म्हणजे जुन्याचे खरे चारशे मिळाले, आणि चारशेत तुमचं एक भांडं आरामात दुरुस्त होत होतं.

बिनव्याजी हप्त्यातही व्याज असतं, ते आधी सूट म्हणून वजा दाखवतात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी आपल्याच खात्यातून जाते. रोख भावाशी ताडून बघा.

जे खरंच टाकायचं आहे, म्हणजे जळालेली मोटर, वायरी, सर्किट बोर्ड, ते घंटागाडीतल्या ओल्या-सुक्यात टाकू नका, वेगळं साठवून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. त्या धुरात काय असतं ते आसपासची पोरंबाळं श्वासात घेतात.

---

इंदिरानगर_बिऱ्हाड:

खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे मिक्सरची दोन्ही भांडी दुरुस्तीला, कुकर भंगारात आणि नवा तीन लिटरचा, पंख्याला २.५ चा कपॅसिटर, पातेली सणानंतर कल्हईला. एकच शंका: चटणीच्या भांड्यात सगळं बदलल्यावर ते परत अडकू नये म्हणून काय करायचं?

---

सातपूर_वाइंडिंग:

वाटण काढलं की भांडं सिंकमध्ये ठेवू नका. लगेच अर्धं पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवा, ओता, साध्या पाण्याने पुन्हा एकदा फिरवा, आणि उपडं ठेवून वाळवा. उपडं ठेवल्याने बुशमधलं पाणी शाफ्टच्या मुळाशी साचत नाही. पंधरा दिवसांनी एकदा कप्लर बोटाने फिरवून बघा. किंचित जड लागलं तरी त्याच दिवशी तेलाचे दोन थेंब सोडा.

आणि कपॅसिटर घ्यायला जाताना २.५ हा आकडा वायरमनच्या लिहिण्यावरून नेऊ नका, जुना काढून सोबत न्या.